टंचाई पुस्तकांची नाही

विद्यापीठांच्या ग्रंथालयांवरून मराठवाड्यात सध्या जो वाद रंगतो, त्यात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, मागचे रॅक धूळ खात पडलेत, तिकडे कोणी फिरकत नाही. ती पुस्तकं बांधून गोदामात टाका आणि त्या जागी टेबल-खुर्च्या मांडा, कारण स्पर्धा परीक्षेची पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करताहेत आणि संशोधकाला लागणारं सगळं आता मोबाइलवर येतं. दुसरा पक्ष उसासे टाकतो. आजकाल कोणी वाचत नाही, कोऱ्या पुस्तकाचा वास या पिढीला माहीत नाही, ग्रंथालय म्हणजे ज्ञानमंदिर, वगैरे. दोघांचंही तासभर ऐकून घेतलं तर लक्षात येतं की भांडण जागेचं आहे. पुस्तक कुठे ठेवावं यावर दोघं हमरीतुमरीवर येतात. ते सापडतं कसं, हे कोणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढचं वाचण्याचे कष्ट नकोत. पुस्तक असणं आणि पुस्तक सापडणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आमचा सगळा पैसा, सगळे ठराव, सगळी भाषणं पहिल्या गोष्टीवर खर्च होतात. शोधावं कसं हे शिकवायला माणूस नाही, आणि मराठवाड्याबद्दलचा मजकूर शोधता येईल अशी त्याची नोंद नाही. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर रॅक ठेवले काय आणि हलवले काय, पीएच.डी. करणाऱ्या पोराला फरक पडत नाही.

हे हवेत बोलत नाही. मी तीसेक वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. मागच्या उन्हाळ्यात एका ग्रंथालयात (नाव सांगत नाही, कारण दुसरीकडेही हेच चित्र आहे) बीड जिल्ह्यातली एक मुलगी भेटली. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच. विषय घेतलेला, १९७२च्या दुष्काळात कामावर गेलेल्या बाया. विषय तिला आजीनं दिला होता. आजीनं खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, मिलोच्या भाकरीला नावं ठेवली होती. "सर, आठ दिवस झाले बघा, काहीच सापडेना. गाईड म्हणतात, लिटरेचर रिव्ह्यू लिहून आण." समोर ओपॅकचा, म्हणजे ग्रंथालयातली पुस्तकं शोधण्याचा, संगणक. तिनं टाकलेले शब्द: दुष्काळ, स्त्री मजूर, बीड. उत्तर: शून्य नोंदी. मग इंग्रजीत 'फॅमिन' टाकलेलं, आणि त्यावर एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांची दोन पुस्तकं आलेली. तिच्या वहीत एक यादीही होती, नऊ संदर्भांची, एआयला विचारून मिळवलेली. आम्ही दोघांनी ती एकेक करून तपासली. पाच संदर्भ अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरं, वर्ष खरं, खंडाचा क्रमांकही खरा, पण त्या पानावर भलताच लेख. यंत्रानं थाप मारली होती, आणि तीसुद्धा इतक्या व्यवस्थित स्वरूपात की गाईडनं ती तशीच पुढे सरकवली असती.

आता मुद्दा पाहा. १९७२च्या दुष्काळावर मजकूर नाही, असं आहे का? ढिगानं आहे. पण सरकारी कागदात तो 'फॅमिन' या शब्दाखाली नाही, कारण महाराष्ट्र सरकारनं १९६३ साली चक्क कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला. पुढे सगळीकडे 'स्कॅरसिटी', म्हणजे टंचाई. टंचाईची कामं, टंचाईग्रस्त गावं, टंचाई शाखा. कायद्यातून दुष्काळ गेला, रानातला तसाच राहिला, हा विनोद त्या काळच्या लोकांना कळलाही असेल. पण आज संशोधन करणाऱ्या मुलीला हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि जोवर ती 'स्कॅरसिटी' हा शब्द टाकत नाही तोवर अर्धं दफ्तर तिच्यासाठी बंद असतं. तसंच गावाच्या नावाचं. १९६९ साली निघालेल्या जिल्हा गॅझेटिअरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाच्या, मुखपृष्ठावर बीड नाही, 'भीर' आहे. अंबाजोगाईचा निजामी राजवटीतला कागद हवा असेल तर मोमिनाबाद शोधावं लागतं. धाराशिवचा मजकूर उस्मानाबादखाली, आणि छत्रपती संभाजीनगरचा औरंगाबादखाली. १८८४ साली निजाम सरकारनं काढलेलं पहिलं गॅझेटिअर त्याच नावाचं. नावं बदलावीत की नाही हा वेगळा वाद, त्यात मी इथे पडत नाही. पण शहराच्या पाटीवर नाव बदललं म्हणून तालिकेतली, म्हणजे ग्रंथालयाच्या यादीतली, नोंद आपोआप बदलत नाही, आणि बदललीच तर जुन्या नावाकडून नव्याकडे बोट दाखवणारी नोंद कोणीतरी बसून करावी लागते. किल्लारीचंही हेच. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपावर भूगर्भशास्त्रज्ञांनी लिहिलेले काही निबंध 'लातूर भूकंप' या नावानं आहेत आणि काही 'किल्लारी भूकंप' या नावानं. एकच नाव माहीत असलेल्याच्या हाती अर्धंच लागतं, आणि ते अर्धं आहे हे त्याला कळतही नाही.

शिवाय रॅकमधला भूगोल निराळाच असतो. आपली बहुतेक ग्रंथालयं ड्यूईच्या दशांश वर्गीकरणानं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन, लावलेली आहेत. ते १८७६ सालचं अमेरिकन डोकं. त्याला दुष्काळ हा एक विषय वाटत नाही. पाऊस न पडणं हवामानात, म्हणजे ५५१ मध्ये. अन्नपुरवठा आणि भूक ३६३ मध्ये. मजुरी ३३१, शेतीचं अर्थकारण ३३८. जिल्ह्याचा इतिहास ९५४ मध्ये, आणि त्याच दुष्काळावरची मराठी कादंबरी पार टोकाला, ८९१.४६३ वर. एकाच दुष्काळाचे सहा तुकडे, दोन मजल्यांवर. ज्याला हे ठाऊक आहे तो अर्ध्या तासात सगळीकडे फिरून येतो. ज्याला ठाऊक नाही तो पहिल्या रॅकपाशी उभा राहतो, चार पुस्तकं चाळतो आणि बाहेर येऊन सांगतो की आमच्या लायब्ररीत काहीच नाही.

बरं, हे झालं एका इमारतीतलं. मराठवाड्याच्या संशोधकाची खरी गोची पुढे आहे. आमचा जिल्हा जागचा हलला नाही, पण राज्य बदलत गेलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. माणसं नव्या राज्यात आली, कागदांचा मोठा भाग जिथे होता तिथेच राहिला. म्हणून १९५० सालच्या परभणीतल्या कुळांचा अभ्यास करायचा तर पाय हैदराबादकडे वळतात, आणि तिथे गेल्यावर हातात उर्दू येतं, त्याआधीच्या काळासाठी फारसी, मध्येच मोडी. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला पेशवे दफ्तर कुठे आहे हे शाळेत असल्यापासून कानावर असतं. आमच्या पोरांना आपल्या आजोबांच्या काळातले कागद कोणत्या शहरात असतील हेसुद्धा कोणी सांगत नाही. हा दोष त्यांचा म्हणायचा का?

आता विरोधी बाजूचं जे सर्वात जड आहे ते मान्य करतो. एक म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', देशभरच्या संस्थांसाठी सरकारनं भरलेली नियतकालिकांची एकच वर्गणी. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था. ही लहान गोष्ट नाही. मी शिकवत होतो तेव्हा एका इंग्रजी नियतकालिकाची वर्गणी भरायची म्हणजे प्राचार्यांपासून संस्थेच्या सचिवांपर्यंत हात जोडावे लागत. आज नांदेडला रसायनशास्त्रात काम करणारी मुलगी दिल्लीतल्या मुलीइतक्याच सहजपणे ताजा निबंध उघडू शकते. किल्लारीच्या भूकंपाचे ते निबंधसुद्धा आज घरबसल्या मिळणं शक्य आहे. जो म्हणतो की छापील अंकांसाठी जागा अडवू नका, त्याच्याशी विज्ञान शाखांपुरता माझा काही वाद नाही. फक्त दोन गोष्टी त्यानं ध्यानात घ्याव्यात. ही योजना केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आखलेली आहे, आणि आमची तालुक्याच्या गावची बहुतेक महाविद्यालयं संस्थाचालकांची आहेत. दुसरं, त्या १३,००० मध्ये मराठवाडा किती? भूकंपाचा निबंध मिळेल. पुनर्वसित गावांत नव्यानं मांडलेल्या संसारांबद्दल दिवाळी अंकांत, जिल्हा दैनिकांच्या पुरवण्यांत, संस्थांच्या अहवालांत जे लिहिलं गेलं ते मोठ्या प्रकाशकांच्या संचात कुठून येणार? सहा हजार कोटींनी जगाचं ज्ञान बीडला आणलं, छान झालं. बीडचं ज्ञान बीडला आणायला कोणी वर्गणी भरत नाही, कारण ते विकणारा प्रकाशकच नाही.

दुसरी मान्य करण्यासारखी गोष्ट अभ्यासिकेची. यावर नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात, मेसचा डबा सकाळी येतो तोच रात्री पुरवतात, गावाकडे बाप सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसलेला. अशा पोराला पंखा, दिवा आणि शांतता देणारी जागा म्हणजे ग्रंथालय, आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. 'ही मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, आमची वाचत नाहीत' ही तक्रार मला कोती वाटते. पण अभ्यासिका वाढवायची म्हणून पुस्तकं बांधून ठेवणं म्हणजे पाणी साठवायला विहीर बुजवून टाकी बांधण्यासारखं आहे. वेळ वाढवा, वर्ग रिकामे असतात ते संध्याकाळी उघडा, मजला चढवा. बांधलेल्या गठ्ठ्यातलं पुस्तक पुन्हा सुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात बोचरा, आणि तो माझ्याच वयाची विद्वान मंडळी घेतात. म्हणे, खरा संशोधक शोधतोच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांना कोणी संदर्भसेवा, म्हणजे हवं ते शोधून देण्याची मदत, दिली होती? पायपीट केली, पडक्या वाड्यांतल्या माळ्यांवर चढले, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेली दफ्तरं सोडवली. गोष्ट खरी आहे, आणि आमच्या भागाशी तिचा संबंधही आहे: ज्ञानेश्वरीची जी जुनी प्रत राजवाड्यांनी १९०९ साली छापली ती त्यांना बीडच्या पाटांगणात मिळाली होती. सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे. निजामी राजवटीत नोकरी करता करता फारसी-उर्दूवर अशी हुकमत मिळवली की मोगल दरबाराची बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली. विचारवंत नरहर कुरुंदकर नांदेडला राहून उभ्या महाराष्ट्राशी वाद घालत होते. तीन नावं झाली. चौथं घ्या म्हटलं तर आपण अडखळतो, आणि माझा युक्तिवाद तिथेच सुरू होतो. जे शोधू शकले त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. ज्यांनी आठ दिवस शून्य नोंदी पाहिल्या, विषय बदलला आणि 'अमुक कवीच्या काव्यातील निसर्ग' घेऊन मोकळे झाले त्यांची यादी कुठे असते? पत्नी तरुणपणीच वारल्यावर राजवाड्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, या शोधापायी पोटापाण्याची फिकीर केली नाही. शिष्यवृत्ती चार महिने थकली की ज्याच्या घरची गाय विकायला निघते त्याच्याकडून तोच त्याग मागणं, हा माझ्या मते निर्दयपणा आहे.

आणि केवळ चिकाटीनं सगळं साधलं असतं तर महानुभावांच्या पोथ्यांचं काय झालं ते आठवावं. महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ, 'लीळाचरित्र', तेराव्या शतकातला. मठांतून पिढ्यानपिढ्या त्याच्या नकला होत राहिल्या. एकेक अक्षर जपलं गेलं. पुस्तक होतं. पण ते सकळ लिपीत, सांकेतिक अक्षरांत बांधलेलं, आणि किल्ली पंथाच्या आत. परिणाम असा की मराठीतला आद्य म्हणावा असा गद्यग्रंथ, त्यातही पैठण-प्रतिष्ठानचा परिसर पानोपानी भेटणारा, मराठीच्याच अभ्यासकांना शेकडो वर्षं नसल्यासारखा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचा उलगडा झाला, राजवाडे, मग य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते अशा माणसांनी तो मजकूर बाहेर आणला, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचं पहिलं प्रकरणच नव्यानं लिहावं लागलं. महानुभावांनी ग्रंथ लपवला तो जाणूनबुजून, आपल्या धर्मग्रंथाच्या रक्षणासाठी. आपण आज काय जपण्यासाठी लपवतो आहोत? आपली सकळ लिपी म्हणजे निव्वळ आळस.

आळस म्हणतो तो कसा, ते सांगतो. त्याच ओपॅकवर मी गंमत म्हणून 'कुरुंदकर' टाकलं. काही पुस्तकं आली. मग 'रु' दीर्घ करून टाकलं, वेगळी आली. मग इंग्रजी अक्षरांत, 'द'नंतर 'ए' घालून आणि न घालता. चार वेळा टाकल्यावर चार कुरुंदकर निघाले, आणि चौघांची पुस्तकं निरनिराळी. ह्रस्व-दीर्घाच्या फरकानं नांदेडचा एवढा मोठा माणूस चार तुकड्यांत हरवलेला. नोंद करणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. ते काम कंत्राटावर, नगामागे पैसे मोजून करून घेतलेलं असतं. जुन्या मजकुराची अडचण आणखी निराळी. १९६२ च्या लेखननियमांआधीचा छापील मजकूर 'कांहीं', 'नांव', 'गांव' असा अनुस्वारांनी भरलेला. आज 'गाव' टाकून शोधणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. पीएच.डी.चे प्रबंध ठेवणाऱ्या शोधगंगा या संकेतस्थळावर मराठी प्रबंधांचा मोठा साठा आहे आणि ती सोय झाली ही फार चांगली गोष्ट, पण त्यातले अनेक प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला ठिपके. याच विषयावर दहा वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या कोणी काम केलं असेल तर ते प्रबंधाच्या शीर्षकात आलं तरच कळायचं. एकाच विषयाचे प्रबंध पुन्हा पुन्हा होतात म्हणून आपण पोरांच्या नावानं ओरडतो. आधीचा प्रबंध त्यांना दिसला होता का, हे कोण विचारतं?

पूर्वी यातलं बरंच काम एक माणूस करायचा, आणि त्याच्या पदनामात 'संदर्भ' हा शब्दही नसायचा. आमच्या महाविद्यालयात ग्रंथालय परिचर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिक्षण सातवीपर्यंत. "मामा, ते परभणीचं गॅझेटिअर कुठंय?" विचारलं की ते डोळे मिटून विचारायचे, "जाडं का बारकं?" आणि उत्तर ऐकायच्या आत शिडीवर चढलेले असायचे. एकदा मी निजामकाळच्या शेतसाऱ्यावर काहीतरी मागितलं, तर ते घेऊन आले एक आणि वर आणखी एक ठेवलं. "ह्ये बी न्या सर. मागं एका सरांनी दोन्ही संगं नेली व्हती." ही संदर्भसेवा. परदेशी संकेतस्थळं 'हे वाचणाऱ्यांनी हेही वाचलं' म्हणून जे मिरवतात ते मामा चाळीस वर्षं करत होते. मामा निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि त्यांच्या डोक्यातली तालिका त्यांच्याबरोबर गावाकडे गेली. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात त्या वर्षी ग्रंथसंख्या वाढलेली होती.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. आमच्याकडे ती दाराजवळ फ्रेम करून लावलेली असतात, आणि चौथं सूत्र आहे: वाचकाचा वेळ वाचवा. गणिताचा हा प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला तेव्हा त्यानं कपाटं उघडी केली, म्हणजे वाचकाला थेट पुस्तकाजवळ जाऊ दिलं, आणि त्याच्या मदतीला माणसं उभी केली. आपण त्यातलं पहिलं अर्धवट घेतलं, दुसरं सोडलं. कपाट उघडं आहे, मदतीला कोणी नाही. प्री-पीएच.डी. कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धती शिकवतात. नमुना निवड, गृहीतकं, काय-वर्ग चाचणी सगळं होतं. एका पुस्तकाच्या शेवटच्या संदर्भयादीवरून दुसऱ्या पुस्तकाकडे कसं जायचं, एखाद्या जुन्या लेखाचा उल्लेख पुढे कोणी केला हे कसं काढायचं, आपल्याकडे नसलेलं पुस्तक डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यावरून दुसऱ्या ग्रंथालयाकडून कसं मागवायचं, हे कुठल्या तासाला शिकवतात? उचलेगिरीवर मात्र २०१८ पासून नियम आहेत, दहा टक्क्यांपर्यंत माफ, पुढे दंडाच्या पायऱ्या. कुठे शोधावं हे न शिकवता कुठून उचललंस हे मोजायचं, हा न्याय अजब आहे.

याच ओघात एक नाजूक गोष्ट बोलतो. १४ एप्रिलच्या आसपास आमच्याकडे गावोगावी अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मुलं सकाळी बसतात ती मध्यरात्री उठतात, आणि ते दृश्य पाहून मला दरवर्षी भरून येतं. पण बाबासाहेब अठरा तास बसत होते म्हणजे काय करत होते? १९२३ च्या त्यांच्या रुपयावरच्या प्रबंधाची पानं उघडून तळटिपा पाहाव्यात: चलन समित्यांचे अहवाल, साक्षी, संसदेचे कागद. हे सगळं लंडनमध्ये कोणत्या कपाटात आहे हे हुडकायला त्यांना घरची परंपरा नव्हती, ओळखीचा प्राध्यापक काका नव्हता. ग्रंथालयाची व्यवस्थाच अशी होती की परका, गरीब, अस्पृश्य म्हणून हिणवलेला माणूस आत येऊन ते शोधू शकत होता. १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं ते अशाच मुलांसाठी. ज्यांच्या घरात बाप प्राध्यापक असतो त्यांना शोधाची विद्या जेवताना बोलता बोलता मिळते. ज्यांच्या घरात ती नाही त्यांना ती ग्रंथालयानं द्यायची असते. म्हणून संदर्भ ग्रंथपालाची रिकामी जागा मला प्रशासकीय बाब वाटत नाही; मला तो सामाजिक न्यायाचा प्रश्न वाटतो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणार. माणसं नेमायला पैसा लागतोच, तिथे पळवाट नाही. पण नोंदींचं काम त्यासाठी अडून बसण्याचं कारण नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती म्हणावी अशा कष्टांनी केली. आजही मराठीत गंभीर काम करणाऱ्याला त्या सूचीशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या विद्यापीठांत दरवर्षी शेकडो मुलं मराठी, इतिहास, ग्रंथालयशास्त्र यांत प्रकल्प करतात आणि ते बाइंडिंग होऊन कपाटात जातात. त्यातल्या प्रत्येकाला एकाच नियतकालिकाची दहा वर्षं द्या. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'ची विषयवार सूची. अनंत भालेराव संपादक असतानाच्या 'मराठवाडा'तले १९७२-७३ चे अग्रलेख आणि बातम्या, गाव आणि विषय लावून. जिल्हा स्मरणिका, साखर कारखान्यांचे अहवाल, मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांची आत्मकथनं. 'सूची म्हणजे संशोधन नव्हे, ते कारकुनी काम' असं अभ्यास मंडळात कोणीतरी म्हणेलच. त्यांना विचारावं, तुमच्या प्रबंधाच्या शेवटची यादी कोणाच्या कारकुनीवर उभी आहे?

ती मुलगी आणि मी त्या दिवशी चार तास फिरलो. 'स्कॅरसिटी' या शब्दानं तीन सरकारी अहवाल निघाले. 'भीर' म्हटल्यावर गॅझेटिअर आलं. ३३१ च्या रॅकमध्ये रोजगार हमीवरचं एक पुस्तक होतं. त्याच्या संदर्भयादीतून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तले त्याच काळातले लेख कळले, ते जेस्टोर या जुन्या नियतकालिकांच्या संकेतस्थळावर मिळाले. आणि गॅझेटिअरच्या मागे, भिंतीला टेकून, एका स्वयंसेवी संस्थेची पातळ पुस्तिका पडली होती, टंचाईच्या कामावरच्या बायांच्या मुलाखतींची. तिच्यावर दाखल अंक, म्हणजे खरेदीच्या वहीतला क्रमांक, होता; रॅकमधली जागा सांगणारा बोधांक नव्हता. म्हणजे विकत घेतली, वहीत चढवली आणि तिथेच सोडली. मागच्या कागदावर तारखेचा एकही शिक्का नाही. मुलगी खाली फरशीवरच बसली आणि वाचायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "सर, हिच्यात आमच्या शेजारच्या गावचं नाव आहे."

निघताना तिनं वहीचं एक पान फाडून ग्रंथपालांना दिलं, म्हणाली, पुढं कोणी याच विषयावर आलं तर द्या. त्यावर नुसते शब्द होते: दुष्काळ, टंचाई, स्कॅरसिटी, भीर, मोमिनाबाद, मिलो, सुकडी, खडी, ३३१, ३६३, ८९१.४६३. त्यांनी ते अभ्यासिकेच्या वेळापत्रकाशेजारी टाचणीनं लावलं. पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा पान तिथेच होतं, आणि खाली वेगळ्या शाईनं, वेगळ्या अक्षरात कोणीतरी दोन शब्द जोडले होते: अवर्षण, पाझर तलाव.